असिस्टेड हॅचिंगचा खरंच उपयोग होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या, संमतिपत्रांच्या गठ्ठ्यात बऱ्याचदा एक ओळ असते: ‘लेझर असिस्टेड हॅचिंग – हो / नाही’. इंजेक्शनं झाली, स्त्रीबीजं काढून झाली, भ्रूण तयार झाले. आता एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला मागे राहायचं, असं म्हणून बरीच जोडपी ‘हो’वर खूण करून मोकळी होतात. त्या एका ओळीबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत, कारण सगळ्याच प्रश्नांत सारखा गुंता नाही.

असिस्टेड हॅचिंग म्हणजे नेमकं काय करतात?

स्त्रीबीजाभोवती एक पारदर्शक कवच असतं. त्याला झोना पेल्युसिडा म्हणतात. लॅबमध्ये सगळे नुसतं ‘झोना’ म्हणतात. हे कवच प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्या मिळून बनलेलं असतं आणि त्याची जाडी साधारण १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग असते. फलन झाल्यावरही भ्रूण पहिले काही दिवस याच कवचात वाढतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो ब्लास्टोसिस्ट (आत पाण्याची पोकळी असलेला पेशींचा गोळा) होतो, फुगतो, कवच ताणून पातळ करतो आणि फट पाडून बाहेर येतो. हे बाहेर येणं म्हणजे हॅचिंग. त्यानंतरच त्याच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तराला थेट चिकटू शकतात.

असिस्टेड हॅचिंगमध्ये ही फट एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमधला भ्रूणतज्ज्ञ) आधीच पाडून ठेवतो, किंवा कवच एका जागी पातळ करतो. भ्रूणाला कवचातून ओढून बाहेर काढत नाहीत. दार किलकिलं करून ठेवतात, बाहेर त्याचं त्यालाच यावं लागतं.

कवचाचा काही उपयोग असेलच ना? मग ते फोडायचं कशाला?

उपयोग आहे, आणि बराच आहे. शुक्राणू आधी याच कवचाला चिकटतो. एक शुक्राणू आत गेला की कवचाची रचना बदलते, ते घट्ट होतं आणि बाकीच्यांना वाट बंद होते. पुढे पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत असताना त्या विखरू नयेत म्हणून त्यांना एकत्र धरून ठेवण्याचं कामही तेच करतं. गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे जाताना भ्रूणाचं रक्षणही त्यामुळे होतं.

पण ब्लास्टोसिस्ट तयार झाला की या कवचाचं काम संपतं. नैसर्गिक गर्भधारणेत ते फुटायला दोन बाजूंनी मदत मिळते. आतून भ्रूणाचा दाब आणि त्याने सोडलेली विकरं (एन्झाइम्स) असतात, तर बाहेरून गर्भाशयातले स्राव असतात. असिस्टेड हॅचिंगमागचा तर्क असा, की प्रयोगशाळेतल्या द्रवात ही बाहेरची मदत नसते. शिवाय काचेच्या बशीत वाढवल्यामुळे आणि गोठवल्यामुळे कवच जास्त कडक होत असावं. म्हणून माणसाने थोडा हात लावावा. तर्क ऐकायला पटतो. पण १९७८ मध्ये जन्मलेल्या पहिल्या आयव्हीएफ बाळापासून आजपर्यंत असंख्य बाळं या मदतीशिवाय कवच फोडून बाहेर आलेली आहेत, हेही तितकंच खरं.

ही कल्पना सुचली कुणाला?

गोष्ट गमतीची आहे. इक्सी (एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत) येण्याआधी, म्हणजे १९८०च्या दशकाच्या शेवटी, शुक्राणू कमजोर असतील तर ते आत शिरावेत म्हणून सुईने स्त्रीबीजाच्या कवचाला चीर देऊन पाहत असत. भ्रूणशास्त्रज्ञ जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की अशी चीर दिलेल्या बीजांपासून झालेले भ्रूण गर्भाशयात जास्त प्रमाणात रुजताहेत. आत येण्यासाठी केलेलं दार बाहेर जायला कामी येत होतं! १९९० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९९२ मध्ये, रुजण्याची शक्यता कमी वाटणाऱ्या भ्रूणांवरच हॅचिंग करून पाहिल्याचे निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणांची बातमी आली. शुक्राणूसाठी चीर देण्याची पद्धत मागे पडली, भ्रूणासाठी चीर देण्याची मात्र टिकली.

कोहेन यांनी सुरुवातीला निवडक भ्रूणांचीच बाजू मांडली होती, हे ध्यानात ठेवा. ‘सरसकट सगळ्यांना’ हा प्रकार नंतरचा.

हे करतात कसं? मला काही जाणवेल का?

तुम्हाला काहीच जाणवणार नाही. सगळं लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली होतं.

पूर्वी काचेच्या अतिसूक्ष्म सुईने चीर द्यायचे, किंवा बारीक नळीने आम्ल सोडून कवचाला भोक पाडायचे, किंवा विकराने कवच विरघळवायचे. आम्लाचा प्रकार हाताच्या सफाईवर फार अवलंबून असे. जास्त सोडलं तर आतल्या पेशींना झळ. आता बहुतेक ठिकाणी लेझर असतो. १.४८ मायक्रॉन तरंगलांबीचा, अवरक्त प्रकाशाचा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातूनच तो भ्रूणावर पडतो, सुई किंवा नळी लावावी लागत नाही. एम्ब्रियॉलॉजिस्ट पडद्यावर जागा निवडतो आणि मिलिसेकंदांत मोजावेत असे एक-दोन झटके देतो. जिथे कवच आणि पेशी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते, तिथेच मारतो.

पेशी आठच्या आसपास असताना, म्हणजे तिसऱ्या दिवशी हॅचिंग करता येतं किंवा पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टवर. गोठवलेला ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर थोडा वेळ आक्रसलेला असतो; त्या वेळी कवच आणि पेशींमध्ये आपोआप अंतर पडतं, म्हणून लेझर चालवायला ती वेळ सोयीची.

मूळ प्रश्नाचं उत्तर द्या: याने मूल होण्याची शक्यता वाढते का?

वाढते असं सिद्ध झालेलं नाही.

आता तपशील. कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून त्यांची छाननी करते. असिस्टेड हॅचिंगवरचा त्यांचा २०२१चा आढावा आहे. त्यात ३९ चाचण्या आणि ७,२४९ स्त्रिया होत्या. सगळ्या चाचण्या अशा, की कुणाच्या भ्रूणाला हॅचिंग करायचं आणि कुणाच्या नाही हे नशिबावर, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं.

या ३९ चाचण्यांपैकी बाळ जन्माला आलं की नाही हे फक्त १४ चाचण्यांनी सांगितलं. बाकीच्या २५ चाचण्या ‘गर्भधारणा झाली’ इथेच थांबल्या. मला या आढाव्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. जोडपं बाळासाठी येतं आणि अभ्यास सोनोग्राफीपाशी संपतो.

त्या १४ चाचण्यांवरून जे निघालं ते असं: हॅचिंग न करता १०० पैकी २८ स्त्रियांना मूल होत असेल, तर हॅचिंग केल्यावर तो आकडा २७ ते ३४ यांच्यामध्ये कुठेतरी असेल. २७ म्हणजे किंचित कमी, २८ म्हणजे जैसे थे, ३४ म्हणजे चांगला फायदा. या तिन्हींपैकी खरं काय, ते या पुराव्यावरून सांगता येत नाही. आढाव्याने या पुराव्याला ‘कमी दर्जाचा’ असं म्हटलं आहे, म्हणजे उद्या नीट मोठी चाचणी झाली तर चित्र बदलू शकतं. दोन्हीकडे.

पण आमच्या डॉक्टरांनी गर्भधारणेचं प्रमाण वाढतं असं सांगितलं. ते चूक आहे का?

अगदी चूक नाही. त्याच आढाव्यात क्लिनिकल गर्भधारणेत थोडीशी वाढ दिसते. क्लिनिकल गर्भधारणा म्हणजे बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह येऊन पुढे सोनोग्राफीत गर्भ दिसणं. प्रश्न असा की ती वाढ शेवटपर्यंत पोचते का.

न पोचण्याची कारणं अनेक असू शकतात. एक तर चाचण्या लहान होत्या, आणि लहान चाचण्यांत फायदा दिसला की त्या छापून येतात, नाही दिसला तर फाईलमध्ये राहतात. दुसरं, चाचण्यांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नव्हते: कुठे भरपूर फायदा, कुठे शून्य. आणि तिसरं कारण भ्रूणाचं. ज्याच्यात गुणसूत्रांची गडबड आहे असा भ्रूण कवचातून बाहेर काढायला मदत केली, तो रुजलाही, तरी बहुतेक वेळा पुढे टिकत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि काही आठवड्यांनी गर्भपात होतो. (गर्भपाताचं प्रमाण हॅचिंगमुळे वाढतं का, याचंही स्पष्ट उत्तर आढाव्यात मिळत नाही.)

त्यामुळे कुणी ‘प्रमाण वाढतं’ म्हटलं की एकच विचारा: कशाचं प्रमाण? बीटाचं, हृदयाचे ठोके दिसण्याचं, की बाळ घरी येण्याचं?

माझं वय ३९ आहे. वय जास्त असेल तर हॅचिंग करावंच म्हणतात.

वय ३८च्या पुढे, एफएसएच जास्त किंवा एएमएच कमी (ही दोन संप्रेरकं बीजसाठ्याचा अंदाज देतात), कवच जाड, आधीच्या सायकल (आयव्हीएफच्या फेऱ्या) अयशस्वी: ‘हॅचिंग कुणासाठी’ या प्रश्नाला वर्षानुवर्षं हीच यादी पुढे केली जाते. यातल्या प्रत्येक गटासाठी तर्क आहे. पुरावा मात्र तोकडा आहे.

वयाबाबत मुळातच एक घोटाळा होतो. वय वाढल्यावर भ्रूण रुजत नाहीत याचं मुख्य कारण कवच नसतं. स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांची विभागणी चुकण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं. चाळिशीनंतर तयार होणाऱ्या ब्लास्टोसिस्टपैकी निम्म्याहून अधिक गुणसूत्रांच्या दृष्टीने सदोष असतात. आता अशा भ्रूणाचं कवच कितीही सफाईने उघडलं, तरी आतली गुणसूत्रं बदलत नाहीत. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असा प्रकार.

अमेरिकेत आयव्हीएफच्या सगळ्या सायकलींची राष्ट्रीय पातळीवर नोंद ठेवली जाते. २००० ते २०१० या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, अंडाशयातला बीजसाठा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हॅचिंग केलेल्या सायकलींत मूल होण्याचं प्रमाण उलट कमी दिसलं. यावरून हॅचिंगने नुकसान केलं असा अर्थ लगेच काढू नका. नोंदींच्या अभ्यासात कुणाला हॅचिंग करायचं हे डॉक्टर ठरवतात, आणि जिथे आशा कमी तिथेच ते जास्त केलं जातं. पण ‘अशा स्त्रियांना तर हमखास फायदा होतो’ या दाव्याला त्या नोंदींतून आधार मिळत नाही, एवढं नक्की.

फ्रोझन ट्रान्सफर आहे. गोठवल्याने कवच कडक होतं ना?

होत असावं असं मानतात, आणि म्हणूनच फ्रोझन सायकलमध्ये, म्हणजे गोठवलेला भ्रूण वितळवून गर्भाशयात सोडतात (ट्रान्सफर) तेव्हा, हॅचिंगचा वापर जास्त होतो. सगळ्या कारणांत मला हे त्यातल्या त्यात वजनदार वाटतं. काही अभ्यासांत वितळवलेल्या भ्रूणांना फायदा दिसला आहे, काहींत नाही. शिवाय त्यातले बरेचसे अभ्यास जुन्या, हळूहळू गोठवण्याच्या पद्धतीच्या काळातले. आता व्हिट्रिफिकेशनने भ्रूण काही क्षणांत गोठवतात, त्यात बर्फाचे स्फटिक होत नाहीत. जुन्या पद्धतीचे निष्कर्ष नव्या पद्धतीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने २०२२च्या मार्गदर्शिकेत म्हटलं ते साधारण असं: ताज्या ट्रान्सफरमध्ये हॅचिंगने मूल होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढत नाही, याला मध्यम दर्जाचा पुरावा आहे; फ्रोझन ट्रान्सफरमध्ये आणि ज्यांची शक्यता मुळातच कमी आहे अशांमध्ये फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात ‘तपासलं, फायदा दिसत नाही’ असं आहे. दुसऱ्यात ‘अजून कळलेलं नाही’.

दोनदा ट्रान्सफर होऊनही रुजलं नाही. तिसऱ्यांदा हॅचिंग करून पाहावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मनःस्थिती समजते. दोनदा हात पोळलेला माणूस तिसऱ्यांदा तेच तसंच करायला तयार होत नाही. काहीतरी बदललं पाहिजे असं वाटतं. आणि लॅबमध्ये बदलता येण्याजोग्या गोष्टींत हॅचिंग सगळ्यात सोपं.

पण आधी मागच्या दोन वेळचा हिशेब मांडा. भ्रूण तिसऱ्या दिवसाचे होते की पाचव्या? त्यांची प्रत काय होती? अस्तराची जाडी, प्रोजेस्टेरॉन सुरू केल्याची वेळ, गर्भाशयात पॉलिप किंवा पडदा, गर्भनलिकेत साठलेलं पाणी, थायरॉईड, शुक्राणूंची बाजू हे सगळं पाहिलं गेलं का? गर्भनलिकेत पाणी असेल आणि ते तसंच ठेवून हॅचिंग केलं, तर मुद्दा हुकला. चांगल्या प्रतीच्या भ्रूणांचेही सगळेच ट्रान्सफर रुजत नसतात, त्यामुळे दोन अपयशांमागे दरवेळी शोधून सापडेल असं कारण असतंच असंही नाही.

हे सगळं पाहून झालं असेल आणि डॉक्टर म्हणाले, ‘करून पाहू, सिद्ध झालेलं नाही पण आमच्या लॅबला सवय आहे,’ तर ते प्रामाणिक बोलणं आहे. त्यावर हो म्हणण्यात गैर काही नाही.

माझं झोना जाड आहे असं सांगितलं. हे गंभीर आहे का?

आजार नाही. जाडी प्रत्येक बीजाची थोडी वेगळी असते, एकाच स्त्रीच्या एकाच सायकलमधल्या बीजांतही. शिवाय सूक्ष्मदर्शकातून मोजलेल्या जाडीवरून कवच कडक आहे की मऊ हे कळत नाही. जाड पण लवचीक कवच सहज फुटतं. भ्रूण वाढून फुगायला लागला की जाड कवचही ताणलं जाऊन पातळ होतं, हे पाचव्या दिवशीच्या भ्रूणाकडे पाहिलं की दिसतंच.

जुळं होण्याचा धोका वाढतो असं वाचलं. खरं का?

थोडा वाढतो असं दिसतं. कॉक्रेनच्या आढाव्यात हॅचिंग न करता १०० पैकी ९ स्त्रियांना एकाहून अधिक गर्भ राहत असतील, तर हॅचिंगनंतर १० ते १४ जणींना राहतील असा अंदाज निघाला.

यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. पूर्वी एका वेळी दोन-तीन भ्रूण सोडत. प्रत्येक भ्रूण रुजण्याची शक्यता जराशी जरी वाढली, तरी दोन्ही रुजण्याची वाढते. अशी जुळी वेगवेगळ्या भ्रूणांची. एकच भ्रूण सोडला तर हा धोका उरत नाही.

दुसरा प्रकार एकसारख्या जुळ्यांचा. भोक फार लहान पडलं तर भ्रूण त्यातून बाहेर येताना मधोमध आवळला जातो, आठच्या आकड्यासारखा दिसतो. आतल्या बाजूचा पेशींचा पुंजका दुभंगला तर एका भ्रूणाची दोन बाळं होऊ शकतात, किंवा भ्रूण अर्ध्यातच अडकून राहतो. आयव्हीएफमध्ये एकसारखी जुळी नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा जास्त होतात हे ठाऊक आहे. त्यात हॅचिंगचा वाटा किती आणि पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये वाढवण्याचा किती, यावर एकमत नाही. एकसारख्या जुळ्यांची नाळ सामाईक असू शकते, आणि तशी गर्भधारणा जास्त जोखमीची. म्हणून ‘जुळं झालं तर एका दगडात दोन पक्षी’ हा विचार डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलून घ्या.

लेझरमुळे भ्रूणाला इजा होते का? बाळात दोष येतात का?

लेझर उष्णतेने कवच वितळवतो. ती उष्णता फार छोट्या जागेत आणि फार थोडा वेळ असते, पण नेम पेशींच्या अगदी जवळ गेला किंवा झटके जास्त दिले तर शेजारच्या पेशीला इजा होऊ शकते. त्यामुळे करणाऱ्याचा हात महत्त्वाचा. सराईत एम्ब्रियॉलॉजिस्टकडून अशी इजा होणं विरळा. तिसऱ्या दिवशी हॅचिंग करून मोठं भोक पडलं, तर अजून एकमेकींना घट्ट न चिकटलेल्या पेशी सुटण्याचीही भीती असते.

बाळातल्या दोषांबाबत आतापर्यंतची माहिती दिलासा देणारी आहे. जपानच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित, एकेकट्या जन्मलेल्या हजारो बाळांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात हॅचिंगमुळे जन्मजात दोष वाढल्याचं आढळलं नाही.

माझ्या रिपोर्टवर ‘५एए’ आहे आणि मैत्रिणीच्या ‘४एए’. माझा भ्रूण चांगला का?

पहिला आकडा ब्लास्टोसिस्ट किती फुगलाय ते सांगतो: ४ म्हणजे पूर्ण फुगून कवच पातळ झालेलं, ५ म्हणजे कवचातून बाहेर येऊ लागलेला, ६ म्हणजे पूर्ण बाहेर आलेला. पुढची दोन अक्षरं पेशींच्या दोन गटांची प्रत सांगतात. पण भोक आधीच पाडून ठेवलेलं असेल, तर भ्रूण पुरता फुगण्याआधीच त्यातून डोकावायला लागतो, आणि ‘५’ हा आकडा अंशतः लेझरची कमाई असतो. त्यामुळे हॅचिंग केलेल्या भ्रूणाची आणि न केलेल्याची अशी आकड्यावरून तुलना करू नका. अक्षरं दोघींची सारखीच आहेत.

आम्ही पीजीटी करतोय. मग हॅचिंग वेगळं करावं लागेल का?

नाही. पीजीटीत, म्हणजे भ्रूणाच्या गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढतात (बायॉप्सी), आणि त्या काढायला कवचाला भोक पाडावंच लागतं. इथे लेझर हे पेशींपर्यंत पोचायचं साधन आहे. रुजण्याची शक्यता वाढवायला ते वापरलेलं नाही. त्यामुळे ‘हॅचिंगला पुरावा नाही’ हे म्हणणं पीजीटीतल्या भोकाला लागू होत नाही. बायॉप्सी झालेल्या भ्रूणाला भोक असतंच. ट्रान्सफरच्या वेळी बिलावर हॅचिंग पुन्हा स्वतंत्र लावलेलं दिसलं, तर कशासाठी ते विचारा.

फाईलवर ‘लेझर कोलॅप्स’ असं लिहिलंय. हेच हॅचिंग का?

वेगळं आहे. गोठवण्याआधी ब्लास्टोसिस्टच्या पोकळीतलं पाणी कमी व्हावं म्हणून लेझरचा एक झटका बाहेरच्या पेशींच्या सांध्यावर देतात, भ्रूण आक्रसतो आणि मग गोठवतात. यंत्र तेच, हेतू वेगळा.

इतर देशांतल्या संस्था काय म्हणतात?

अमेरिकेचं वर आलंच. ब्रिटनच्या नाइस या, उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या संस्थेने २०१३च्या मार्गदर्शिकेत हॅचिंग करू नये असंच सांगितलं आहे, कारण गर्भधारणेचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. ब्रिटनमधल्या नियामक संस्थेने, म्हणजे एचएफईएने, आयव्हीएफला जोडून विकल्या जाणाऱ्या जादा उपचारांना सिग्नलसारखे रंग दिले, तेव्हा हॅचिंगच्या वाट्याला लाल आला होता. युरोपातल्या एश्रे या वंध्यत्व-उपचार तज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२३ मध्ये जादा उपचारांवरच्या शिफारशींत ते नेहमीच्या वापरासाठी सुचवलेलं नाही. बारकाव्यात फरक आहेत, पण सरसकट सगळ्यांना हॅचिंग करा असं यातल्या कुणीच म्हणत नाही.

मग इतकी क्लिनिक्स ते का सुचवतात?

फसवणूक हे सोपं उत्तर आहे, पण बहुतेक वेळा ते खरं नसतं. लेझर यंत्र लॅबमध्ये आधीच असतं, काम मिनिटाभराचं, उघड नुकसान दिसत नाही, आणि रुग्णही म्हणतात ‘जे जे शक्य ते सगळं करा’. शिवाय हॅचिंग केलं आणि गर्भ राहिला, तर तो हॅचिंगमुळे राहिला असं दोघांनाही वाटतं. न करता राहिला असता का, हे त्या एका सायकलवरून कुणालाच कळत नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी नोंदींत दशकभर तिसऱ्या दिवशीच्या ट्रान्सफरपैकी निम्म्याहून अधिक ट्रान्सफरमध्ये हॅचिंग झालेलं दिसतं, आणि त्याच वर्षांत पुरावा मात्र जिथल्या तिथे होता. सवय लागली की ती मोडायला वेळ लागतो, डॉक्टरांनाही.

वेगळे पैसे लावले जात असतील तर मात्र ‘नुकसान तर नाही ना’ हा युक्तिवाद पुरत नाही. तो खर्च पुढच्या ट्रान्सफरसाठी राखून ठेवलेल्या पैशांतूनच जातो, आणि आणखी एक ट्रान्सफर करता येणं याने शक्यता नक्की वाढते.

हॅचिंगनंतर पडून राहावं लागतं का? वेगळं औषध?

नाही. सुरुवातीच्या काळात हॅचिंगबरोबर काही दिवस स्टेरॉईड आणि अँटिबायोटिक देत, उघड्या कवचातून भ्रूणाला त्रास होऊ नये या कल्पनेने. तुम्हाला अशी औषधं लिहून दिली असतील तर ती कशासाठी आहेत ते विचारा. मनाने बंद करू नका. बाकी ट्रान्सफरनंतरचं वागणं-फिरणं नेहमीच्या ट्रान्सफरसारखंच.

‘नको’ म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील का? आणि विचारायचं काय?

संमतिपत्रावर ‘नाही’चा रकाना असतो तो वापरण्यासाठीच. नाराजीची भीती वाटत असेल तर प्रश्नाच्या रूपात बोला: ‘डॉक्टर, आमच्या बाबतीत हे कोणत्या कारणासाठी सुचवताय?’ उत्तरात तुमच्या केसमधलं काही आलं, जसं वितळवलेले भ्रूण आहेत, मागच्या वेळी पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण फुगले पण कवचातच राहिले, तर तिथे विचार झालेला आहे. ‘आम्ही सगळ्यांनाच करतो’ असं आलं, तर नको म्हणायला हरकत नाही. पीजीटीच्या बायॉप्सीसाठी लागणारं भोक तेवढं यातून वगळा.

हॅचिंग केलं होतं, तरी टेस्ट निगेटिव्ह आली. आमचं काही चुकलं का?

तुमचं काही चुकलं नाही, आणि बहुधा लॅबचंही नाही. कवचातून बाहेर येणं ही रुजण्यातली एक पायरी. त्यानंतर अस्तराला चिकटणं, आत शिरणं, गर्भाची आणि नाळेची वाढ हे सगळं उरतंच.

पुढच्या भेटीआधी लॅबकडून एक कागद मागून घ्या: हॅचिंग कोणत्या दिवशी केलं, नुसतं पातळ केलं की पूर्ण भोक पाडलं, ट्रान्सफरच्या वेळी भ्रूण किती फुगलेला होता, वितळवल्यावर किती वेळात फुगला, आणि किती भ्रूण अजून गोठवलेले आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं तर ते सगळ्यात आधी हेच विचारतील.